शेवटच्या नळाचं पाणी

"क्लोरीनची तपासणी दर सोमवारी त्रान्सितोकाकूंच्याच नळावर का होते?"

हा प्रश्न पाणी समितीच्या सभेत विचारून दाखव, अशी पैज मैत्रिणींनी लावली होती. नोएमीनं तो विचारलाही, तोही बाकावर चढून, म्हणजे मागच्यांनाही ऐकू जावा. अडचण एवढीच की तपासणी करणारे एलिसेओ हे तिचेच वडील.

टाकीखालचं पहिलं घर त्रान्सितोकाकूंचं, आणि त्यांची कॉफी नि मक्याची बिस्किटं साऱ्या गावाला ठाऊक. एलिसेओ पेटी घेऊन निघत, तिथे टेकत, काचेच्या नळीत पाणी धरून तपासणीच्या औषधाचे थेंब टाकत. पाणी लिंबासारखं पिवळं झालं, म्हणजे क्लोरीन आहे, की वहीत 'उत्तम' लिहीत. गेली अकरा वर्षं सगळं उत्तमच चाललं होतं.

"टाकी एकच आहे, बाई," एलिसेओ म्हणाले. "वर काय नि खाली काय, पाणी तेच."

"मग खालचंही बघा की. केनियाच्या घरचं आत्ताच भरून आणलंय."

मैत्रीण केनियाचं घर नळाच्या वाटेवर अगदी शेवटी. तिची धाकटी बहीण महिन्यातून दोनदा पोट धरून शाळा बुडवायची.

"एलिसेओ, पोरगी वकील होणार तुझी," मागून कुणीतरी म्हणालं. "बिस्किटांचीही चौकशी लाव गं."

एलिसेओंनी ऐटीत तीन थेंब टाकले आणि नळी खिडकीपाशी धरली. पाणी नितळच, पिवळं काही होईना. आणखी दोन टाकले. पाणी ढिम्म.

टाकी सांभाळणारा रूफिनो डोकं खाजवत उठला. "तुम्ही उत्तम लिहायचात, म्हणून मी क्लोरीन कमीच सोडायचो. कॉफीला वास येतो म्हणून वरच्या आळीचे भांडतात ना. खाली पोचेस्तोवर सगळा संपतच असणार."

हशा पिकला. एलिसेओंनी पेटी टेबलावर ठेवली आणि ते निघून गेले.

नोएमी पेटी घेऊन घरी आली तेव्हा बाबा अंगणात कोंबड्यांना दाणे टाकत होते. एकेक दाणा, मोजून.

"चारचौघांत बापाचं नाक कापलंस," आई म्हणाली. "घरी विचारता येत नव्हतं?"

"घरी विचारलं होतं, आई. दोनदा. बाबा म्हणाले, आधी जेव."

"उद्या राजीनामा देतो," एलिसेओ कोंबड्यांना म्हणाले. "शोधू दे त्यांना दुसरा शहाणा."

नोएमीनं पेटी त्यांच्या पायाशी ठेवली.

"राजीनामा वगैरे काही नाही. सोमवारी शाळेच्या आधी मी तुमच्याबरोबर येणार, आणि सुरुवात शेवटच्या घरापासून करायची. थेंब तुम्ही टाका, वहीत मी लिहिणार. समितीला सांगून आलेय. तुम्हाला विचारत नाहीये, बाबा, सांगतेय."