चौथ्या रिंगनंतर भावजी

ताईच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. तीसेक माणसं, सगळ्यांचे डोळे कोपऱ्यातल्या फोनवर. गेलेल्या माणसांशी बोलणं करून देणाऱ्या लहरीबाबाने खूण केली, तशी शेजारीणबाईंनी मोबाइलवरून ताईचा नंबर लावला आणि स्पीकर चालू केला. एक, दोन, तीन, चार रिंग. मग भावजी बोलले.

"मी जरा बाहेर गेलोय. लवकरच परत येतो. निरोप ठेवा."

भावजींना जाऊन चार महिने झाले होते. कोणी हुंदके देऊ लागलं, कोणी हात जोडले.

"ऐकलंत? येतो म्हणाले!" बाबा गरजला. "देह गेला, लहर राहिली! पण चाळीस दिवस हा फोन कोणी उचलायचा नाही. उचललात की लहर तुटली!"

खरं सांगतो, मी थकलो होतो. घरोघरी इंटरनेटचे फोन जोडून देणं हा माझा धंदा. दिवसभर परक्यांना समजवायचं आणि सख्ख्या बहिणीच्या घरी हा तमाशा.

"ताई, डोळ्यांच्या दवाखान्यातून फोन आला?" तिचा एक डोळा गेलेला, दुसऱ्याच्या ऑपरेशनची तारीख याच नंबरवर कळणार होती.

"आला असेल. उचलला तर ह्यांचा आवाज येत नाही रे."

हा आवाज आला त्या पहिल्याच दिवशी मी म्हणालो होतो, निरोप घेणारं मशीन बोलतंय. तेव्हा ताई म्हणाली, "मशीन तर तूच काढून नेलंस!" खरंच की! ते माझ्या खणात पडलेलं. दोन दिवस मीही चक्रावलो होतो. आज खण उपसला, तर मशीनखाली माझ्याच अक्षरातली चिठ्ठी निघाली: 'मशीन दुसऱ्या रिंगला, कंपनी चौथ्या. पासवर्ड 2580.' भावजींना सगळं दुहेरी लागायचं. एक बंद पडलं तर दुसरं असावं म्हणून निरोपाची सोय त्यांनी घरी मशीनवरही केली आणि फोन कंपनीकडेही. जोडून दिली मी, आणि विसरलोही मीच. मशीन निघालं, तशी चौथ्या रिंगला कंपनीची सोय बोलू लागली.

मी उठलो आणि फोनची वायर उपटली. "आता लावा नंबर."

घरातला फोन वाजलाच नाही, तरी मोबाइलमधून भावजी बोलले. लोक किंचाळले. बाबाची कळी खुलली.

"भावजी या घरात नाहीत," मी म्हणालो. "आवाज कंपनीच्या कॉम्प्युटरवर आहे. त्यांनीच भरून ठेवलेला. रोज तेच शब्द, तोच खोकला. आणि निरोप ठेवा म्हणतायत, तर ठेवलेले निरोपही ऐकू या."

वायर जोडली, कंपनीचा निरोपांचा नंबर लावून पासवर्ड दाबला, स्पीकर चालू केला. पहिलाच निरोप:

"उचलत नाहीत ना? झकास! अरे, रेकॉर्डिंगच आहे ते, कंपनीचं. म्हातारीला काय कळतंय! रविवारी आणखी माणसं जमव."

फोन कोणी उचलतंय की नाही ते तपासायला बाबाने नंबर लावला होता आणि बंद न करताच चेल्याशी बोलत बसला होता.

"दुष्ट लहर! माझा आवाज काढतेय!" बाबा ओरडला.

"लहरीला तुमच्यासारखा घोगरा घसाही आहे वाटतं," शेजारीणबाई म्हणाल्या. कोणीतरी फिसकन हसलं. बाबा चपला शोधू लागला.

पुढचे तीन निरोप दवाखान्याचे होते. तिसरा सकाळचा: "आजी, उद्याची जागा आहे. पाचपर्यंत कळवलं नाहीत, तर दुसऱ्याला द्यावी लागेल. मग दोन महिने थांबावं लागेल."

पावणेपाच झाले होते. ताईने बोटांनी चाचपत स्वतः नंबर लावला. "येते हो, उद्या नक्की येते," म्हणाली आणि रडायला लागली. मीही रडलो. चूक माझीही होती.

लोक गेल्यावर तिने विचारलं, "आवाज पुसणार?"

"नाही. माझ्याकडे जपून ठेवतो, हवा तेव्हा ऐक. पण फोनवर तुझा भरू या."

तिने घसा साफ केला. "मी घरीच आहे. थोड्या वेळाने पुन्हा करा, उचलते मी."

तेव्हा लोकहो, चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी एवढं विचारा, की ही वायर कोणी जोडली आणि कुठे जाते. आणि घरात फोन वाजला तर उचला. पलीकडे बहुतेक जिवंत माणूसच असतो.