काळ्या डबीतली कात्री

नांदेडच्या वजिराबादेत सलून आणि ब्यूटी पार्लरच्या सामानाचं एक ठोक दुकान आहे. क्रीम, रंग, वाफेची मशिनं असलं सगळं तिथले बाकीचे फिरते विक्रेते विकत. आनंदराजकडं मात्र फक्त कात्र्या. खांद्याला बॅग अडकवून तो एस.टी.नं लोहा, कंधार, अहमदपूर, चाकूर करत लातूरला पोचायचा आणि लातूर आटोपून माघारी यायचा. वय चाळिशीच्या पुढं. दोन बहिणींची लग्नं लावण्यात, मग आईच्या आजारपणात त्याचं स्वतःचं लग्न राहून गेलं होतं. आई गेली तेव्हा घरात त्याच्या लग्नाचं नाव काढणारंच कुणी उरलं नाही.

त्याच्या बॅगेत तीन कप्पे होते. वरच्या कप्प्यात शिकाऊ पोरींच्या कात्र्या, साध्या पोलादाच्या, हॉटेलातल्या दोन थाळ्यांच्या भावात मिळणाऱ्या. नव्या असताना बऱ्या चालायच्या, मग केस कापायचा सोडून दुमडायला लागायच्या. मधल्या कप्प्यात चालत्या पार्लरच्या कात्र्या, लग्नातल्या बऱ्यापैकी साडीच्या भावातल्या. त्यांना वेळच्या वेळी धार लावली की चार-पाच वर्षं बघायला नको. आणि तळाशी मखमली अस्तराच्या काळ्या डबीत एकच कात्री. जपानी पोलादाची, भट्टीत घडवलेली. तिच्या पैशांत घरी नवा फ्रीज आला असता.

"महागाची घ्या," असं आनंदराज कुणाला म्हणत नसे. तो आधी हात बघायचा. अंगठ्याला घट्टा कुठं पडलाय, बोटं लांब आहेत की आखूड, दिवसाला किती डोकी होतात, हे विचारायचा आणि मग कप्पा उघडायचा. म्हणून लोक त्याची वाट बघत.

लातूरला औसा रोडच्या एका गल्लीत प्रेमलाचं पार्लर होतं. राहत्या घराची पुढची खोली, खोलीला जाड पडदा, आणि बाहेर ओट्यावर एक बाकडं. 'फक्त महिलांसाठी' अशी पाटी असल्यामुळं आनंदराजची हद्द बाकड्यापर्यंत. बाकड्याशेजारी खुर्चीत प्रेमलाचे वडील, आप्पासाहेब, बसलेले असायचे. मूळचे देवणीचे शेतकरी. प्रेमलाचं लग्न पुण्याला झालं होतं, पण दोन वर्षांत सोडचिठ्ठी घेऊन ती परत आली, पार्लरचं काम शिकली आणि लातूरला तिनं दुकान मांडलं. बायको वारल्यावर आप्पासाहेबांनी शेत पोराच्या हवाली केलं आणि ते लेकीकडं राहायला आले.

पहिल्यांदा आनंदराज तिथं गेला तेव्हा प्रेमला हातात कात्री घेऊनच पडद्याबाहेर आली होती. त्यानं ती कात्री मागून घेतली, एक कडं बोटात धरलं, दुसरं पातं वर उचललं आणि सोडून दिलं. पातं अर्ध्यावर अडकलं.

"बघा म्याडम, ही आता केस ओढतेय," तो म्हणाला. "बायका तक्रार करत असतील."

"करतात. मला वाटायचं माझाच हात वाईट."

"हात चांगलाय," आनंदराज म्हणाला, आणि आपण जरा जास्तच लवकर बोललो असं त्याला वाटलं.

तिनं मधल्या कप्प्यातली कात्री घेतली. बॅग बंद होता होता तिला काळी डबी दिसली. "त्यात काय?"

त्यानं डबी उघडली. कागदी रुमाल पाण्यात भिजवून तिच्यापुढं धरला, कारण ओला कागद फाटू न देता कापणं हीच कात्रीची खरी परीक्षा. कात्री कागदातून गेली, कसलाही आवाज न होता. प्रेमलानं आपल्या वेणीच्या टोकाचे चार केस कापून बघितले. पुन्हा चार. तिच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते आनंदराज बघत राहिला. जत्रेत पोर खेळण्यापुढं थांबतं, मागत नाही, नुसतं बघतं, तशी ती बघत होती.

"नको," म्हणत तिनं डबी मिटली. "पण पुढच्या वेळी आलात की दाखवा."

तेव्हापासून दर फेरीला तो डबी दाखवायचा. ती हात पुसून बाहेर यायची, कात्री उचलायची, हवेतच दोन-तीनदा चालवायची आणि परत ठेवायची. एवढ्यासाठी आनंदराज नांदेडहून निघायचा. वाटेतली गावं त्याला आता नुसती अंतरं वाटू लागली होती.

तिच्या कात्रीला धार लावायची वेळ आली की आणखी बरं. लातूरला मनासारखा धारवाला नव्हता. आनंदराज कात्री नांदेडला न्यायचा, इतवाऱ्यातल्या म्हाताऱ्या उस्तादाकडून धार लावून आणायचा आणि पुढच्या फेरीला परत द्यायचा. मधले दिवस ती कात्री त्याच्या घरी असायची. तिच्या कड्याला प्रेमलानं बोटाला रुतू नये म्हणून हिरवा दोरा गुंडाळला होता. चहा पिताना तो कात्री समोर ठेवायचा. घरात आणखी कुणीतरी असल्यासारखं वाटायचं.

काळ्या डबीला गिऱ्हाईक नव्हतं असं नाही. नांदेडच्याच एका नव्या सलूनवाल्यानं रोख पैसे पुढं केले होते. आनंदराजनं "ही बोललेली आहे" म्हणून सांगितलं. दुकानाचे शेठ एकदा वैतागून म्हणाले, "आनंदराज, तो डबा तू हवा खायला फिरवून राहिलास का रे?" त्यावर तो नुसता हसला.

गेल्या लग्नसराईच्या तोंडावर तो गेला तर प्रेमलाच्या उजव्या मनगटाला पट्टा बांधलेला.

"डॉक्टर म्हणतात आराम करा," ती बाकड्याच्या टोकाला बसत म्हणाली. एरवी ती बसत नसे. "पण आत्ता कुठला आराम? कात्रीवाले, आज नुसती बघायची नाही, घ्यायचीय. माझी भिशी लागलीय. पण मला खरं सांगा. मधलीच नवी घेऊ, का ती काळ्या डबीतली?"

आनंदराजनं दोन्ही कात्र्या बाकड्यावर ठेवल्या. हा प्रश्न येणार हे त्याला ठाऊक होतं आणि येऊ नये असंही वाटत होतं. मधली कात्री वाईट नाही, असं म्हणणं खोटं ठरलं नसतं. तेवढं म्हटलं असतं तर धार होती, हिरवा दोरा होता, दर फेरी होती.

"मनगट दुखतंय कशानं, तर मधल्या कात्रीची दोन्ही कडी समोरासमोर आहेत," तो म्हणाला. "अंगठा वर उचलावा लागतो, मनगट वाकतं. हिच्यात बघा, अंगठ्याचं कडं मागं घेतलंय. हात सरळ राहतो. वजनालाही हलकी."

"म्हणजे दुखणं थांबेल?"

"थांबेल का ते डॉक्टरांना विचारा. वाढणार नाही, एवढं मी सांगतो."

"आणि धार?"

त्यानं डबी तिच्याकडं सरकवली. "नीट पुसून, तेलाचा थेंब सोडून ठेवली तर लई दिवस धार लावावी लागणार नाही. आणि लावायची झालीच तर इतवाऱ्यात द्यायची नाही, उस्तादाच्या दगडानं हिचं पातं बिघडेल. कुरिअरनं कंपनीकडं पाठवायची. पत्ता डबीच्या आत आहे."

प्रेमलानं मान वर करून त्याच्याकडं पाहिलं. "म्हणजे मग तुमचं काही काम उरलं नाही."

"नाही," आनंदराज म्हणाला.

तो आणखी काही बोलेल म्हणून तिनं वाट बघितल्यासारखं केलं. मग आत जाऊन पैसे आणले आणि डबी घेऊन ती पडद्याआड गेली. आत एक नवरी मुलगी ताटकळत होती. आनंदराज बाकड्यावर बसून राहिला. इतकी वर्षं पडद्यामागून तिच्या कात्रीची कचकच यायची. ती थांबली की केस विंचरतेय, भरभर आली की काम संपत आलंय, हे त्याला बाहेर बसून कळायचं. आज काहीच ऐकू येत नव्हतं. आत कुणी आहे की नाही तेही कळेना.

"इकलीस का रं शेवटी?" आप्पासाहेबांनी विचारलं.

"विकली आप्पा."

"लई चांगलं केलंस." म्हाताऱ्यानं तंबाखू मळता मळता त्याच्याकडं तिरकं बघितलं. "एक इचारू का? पलीकडल्या शिलाईवालीला तू ताई म्हनतूस. त्या कोपऱ्यावरच्या पार्लरवालीला बी ताई. अन् आमच्या प्रेमलालाच तेवढं म्याडम. कामून?"

आनंदराजचे कान तापले. बॅगेची चेन दोनदा ओढूनही लागेना. "सवय, आप्पा," तो म्हणाला.

"हाव, आसंल बाबा. सवय आसंल." आप्पासाहेबांनी चिमूट ओठाखाली धरली.

त्यानंतर तो लातूरला गेला नाही असं नाही. गंजगोलाईतली दुकानं करायचा, स्टँडवर यायचा, मिळेल ती गाडी धरायचा. औसा रोडच्या रिक्षा समोरून जायच्या. एकदा तो रिक्षात बसलासुद्धा, पण रिक्षावाल्यानं "कुठं?" विचारल्यावर त्याला सांगता येईना. रिकाम्या हातानं कुणाच्या दारात जाऊन बसणार? तिथं तो कोण होता? कात्री विकणारा, आणि कात्री तर विकून झाली होती. पाऊसकाळ सरला. इतवाऱ्यातला उस्ताद एकदा म्हणाला, "वो हरे धागेवाली कैंची नहीं आई बहुत दिन से." आनंदराज म्हणाला, "अब नहीं आएगी." रस्त्यात कुठं कुणाची वेणी पाठीवरून हलताना दिसली की त्याचं लक्ष टोकाकडं जायचं. केस सरळ कापलेत का, कुणी कापले असतील.

दसरा झाल्यावर एका सकाळी त्यानं दुकानात रजा सांगितली आणि लातूरची गाडी धरली. बॅग घेतली नाही. खांदा इतका मोकळा वाटत होता की कंडक्टरनं तिकीट देईपर्यंत तो दोनदा दचकला, काहीतरी स्टँडवर राहिलं म्हणून.

पार्लरच्या दाराला कडी होती. बाजूला, घरात जायच्या दारात आप्पासाहेब भुईमुगाच्या शेंगा निवडत बसले होते.

"अगं प्रेमला, बाहेर ये. कोण आलंय बघ!"

ती ओले हात पदराला पुसत बाहेर आली. मनगटाला पट्टा नव्हता. आनंदराजला बघून ती उंबऱ्यातच थांबली.

"आज मंगळवार," ती म्हणाली. "पार्लर बंद असतं."

"माहीत आहे."

"बॅग?"

"घरी ठेवली."

आप्पासाहेब उठले, शेंगांचं सूप काखेत मारलं आणि "माझा चष्मा कुठं ठिवला की" असं पुटपुटत आत गेले. चष्मा त्यांच्या डोळ्यांवरच होता.

"कात्री कशी चाललीय?" आनंदराजनं विचारलं.

"कात्रीला काय झालंय?" प्रेमला म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "कात्री छान आहे. तुम्ही कुठं होता? इतके महिने? दर महिन्याला येणारा माणूस अचानक येईनासा झाला. आप्पा रोज बाकडं पुसायचे. मी नांदेडच्या दुकानात फोन लावला, तर म्हणाले काय हवंय ते सांगा, पाठवून देतो. काय सांगणार मी?"

हे तो धरून चालला नव्हता. लोह्यापासून चाकूरपर्यंत मनात जुळवलेली सगळी वाक्यं एकदम गळून पडली.

"यायला कारण नव्हतं," तो म्हणाला.

"आज काय कारण आहे?"

"तुम्हाला बघायला आलो."

गल्लीतून एक भंगारवाला ओरडत गेला. तो लांब गेला. मग प्रेमला पायरीवर बसली, आणि आनंदराज समोर उभाच राहिला.

"मला एकदा पुण्याला नेलं होतं," ती हळू म्हणाली. "वाजतगाजत. पुन्हा कुणाच्या घरी जायची माझी तयारी नाही. हे दुकान मी उभं केलंय. आप्पा माझ्या भरवशावर आहेत."

"मी न्यायला आलो नाही."

"मग?"

"येत राहू का, एवढंच विचारायचं होतं. बॅग नसताना."

प्रेमलाच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिला त्याचा राग आला असावा, कारण तिनं मनगटानंच ते फटकन पुसलं. "मला आजच्या आज काही सांगता यायचं नाही," ती म्हणाली. "माझंच मला नीट कळत नाही."

"नका सांगू."

"आणि सांगेनच असंही नाही."

"चालेल," आनंदराज म्हणाला, आणि ते खरं होतं. चालणार होतं, आणि दुखणारही होतं. दोन्ही त्याला दिसत होतं.

चहा झाला. आप्पासाहेबांनी देवणीच्या बाजारातल्या एका खोंडाची लांबलचक गोष्ट सांगितली आणि मध्येच झोपले. निघताना प्रेमला दारापर्यंत आली.

"पुढच्या मंगळवारी आप्पांच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे," ती म्हणाली. "मोतीबिंदू. दवाखान्यात बायकांचं कुणी ऐकत नाही. सोबत माणूस असलेला बरा."

"किती वाजता?"

"सकाळी लवकर बोलावलंय. तुम्हाला जमेल का?"

"आदल्या संध्याकाळीच लातूरला येऊन राहतो. स्टँडजवळ लॉज आहे."

तिनं मान हलवली, आणि तो गल्लीच्या तोंडाशी पोचेपर्यंत ती दारात उभी होती.

गाडी चाकूरच्या पुढं गेल्यावर त्यानं शेठना फोन लावून पुढच्या सोमवार-मंगळवारची रजा मागितली.

"आज काढली ना रे एक? पुन्हा दोन कशाला?"

"घरचं काम आहे," आनंदराज म्हणाला.

"तुझ्या घरी आहे कोण?"

खिडकीतून तुरीची शेतं मागं पळत होती. आनंदराजनं फोन दुसऱ्या कानाला लावला. "बरं, जा," म्हणून शेठनी फोन ठेवला.