मास्टरांचा ताणलेला हात

शेषाद्री मास्टरांचा उजवा हात एकदा समोर ताणला गेला की भल्याभल्यांची पंचाईत व्हायची. कोपर जेमतेम वाकलेलं, ग्लव्ह थेट समोरच्याच्या कपाळाशी. पुढे जावं तर कपाळ अडतं, मागे सरावं तर हात सोबत येतो. वय साठीच्या पुढे, उजवा गुडघा जिना चढताना कुरकुरतो, पण त्या हाताच्या पलीकडे जायचं कुणी नाव काढत नसे.

कीर्तीला मात्र आज जाणं भाग होतं. मंगळवारी मास्टर गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी थोरल्या लेकाकडे चेन्नैला निघणार होते आणि पुन्हा कराटे शिकवायचं नाही हे त्यांनी ठरवून टाकलं होतं. मुलांचा वर्ग त्यांचा जुना शिष्य विष्णुवर्धन बघणार. मुलींचा वर्ग कीर्तीला द्यायला ते तयार होते, पण त्यांचा हात चुकवून अंगावर एक तरी स्वच्छ ठोसा मारला तरच. नाहीतर वर्ग बंद. ही अट त्यांनी बावीस मुलींच्या देखत घातली होती, आणि दोन रविवार कीर्ती हात हलवत घरी गेली होती.

घरी म्हणजे त्यांच्याच घरी. नवव्या वर्षी ती त्यांच्याकडे कराटे शिकायला आली आणि चोविसाव्या वर्षी त्यांच्या धाकट्या लेकाची, मुरलीची बायको झाली. तंजावरच्या दरबाराबरोबर आलेली मराठी घरं कुंभकोणमला उरली आहेत किती! त्यातली मुलगी डोळ्यांसमोर असताना दुसरीकडे कशाला बघायचं, असं सगळ्यांना वाटलं. तिलाही वाटलं, ते सोडा.

वर्ग भरायचा नाचियार्कोविलच्या रस्त्यावरच्या एका कल्याणमंडपात, जेवणाच्या हॉलमध्ये. तमिळांचा आडी महिना, त्यात लग्नं नाहीत, त्यामुळे हॉल सकाळभर मोकळा. भिंतींना सांबाराचा वास मात्र बारा महिने.

या तिसऱ्या रविवारी कीर्ती जरा लवकर पोचली. मुलांचा वर्ग सुटायचा होता आणि मास्टर विष्णुवर्धनशी खेळत होते. ती दारात चप्पल काढता काढता थांबली. मास्टरांच्या दोन्ही मुठी गालांपाशी होत्या. ते आत घुसत होते, मार खात होते, मार देत होते. ताणलेला हात कुठेच नव्हता. लग्नाआधी ते तिच्याशीही असेच खेळायचे. तिच्या कपाळावर टेंगूळ आलं की बर्फ लावून परत उभं करायचे. लग्नानंतरची चार वर्षं ती समजत होती की हा हात म्हणजे तिची कठीण परीक्षा आहे. आता तिला भलतीच शंका आली आणि रागही आला.

मुली भिंतीशी ओळीत बसल्या. पहिल्या फेरीत नेहमीचंच झालं. मास्टरांचा हात समोर आला. तो बाहेरच्या बाजूनं दाबून आत शिरायचं तर तिचा डावा हात हवा, आणि तो नेमका अडायचा. ज्या माणसाला रोज सकाळी कॉफीचा टंबलर उजव्या हातानं द्यायचा, त्याच्यावर डावा कसा टाकणार? मग ती उजवा आडवा घालायची, तोल जायचा, मास्टर तिला हळूच मागे ढकलायचे. ठोसा म्हणून मारायचे नाहीत. दोन मिनिटं अशीच गेली.

मधल्या विश्रांतीत ती त्यांच्याजवळ गेली आणि घरच्या मराठीत बोलली. मुली सगळ्या तमिळ, त्यांना काही कळायचं नव्हतं. सासऱ्यांना ती तिकडच्या रीतीप्रमाणे मामाच म्हणायची.

"मामा, विष्णूशीं खेळतांना हात लांब केला नाही तुम्ही."

"तो आत येतो म्हणून."

"लग्नापूर्वी मी येत होतें, तेंव्हांही केला नाही."

मास्टरांनी तोंडावरचा घाम पुसला. बराच वेळ पुसला. "तेंव्हां तू शिष्य होतीस. अत्तां मुरलीची बायको. सुनेच्या अंगावर कसा जाऊं मी? लोक बघतात."

"आणि मज तुमच्यावर डावा हात टाकवत नाही," कीर्ती म्हणाली. "दोघंही खोटं खेळतों. ह्या पोरी खरं खेळणं कोणाकडून शिकतील?"

मास्टरांनी मुलींकडे पाहिलं. मग ग्लव्हची पट्टी दातांनी ओढून घट्ट केली. "सरि, बरं. खरं खेळूं. लागलं तर रडूं नोको."

दुसऱ्या फेरीत त्यांच्या मुठी गालांपाशी होत्या. ते आत आले आणि हेल्मेटवर एक, पोटात एक असे दोन ठोसे बसले. कीर्तीच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. चार वर्षांनी तिला मास्टरांचा मार बसला होता आणि तिला इतका आनंद झाला की सांगायची सोय नाही.

शेवटच्या फेरीत ती त्यांच्या अंगावर धावून गेली. मास्टरांचा गुडघा थकला. मागे सरता सरता त्यांनी उजवा हात ताणला, पण या वेळी भीड म्हणून नाही, खरोखरीची गरज म्हणून. कीर्तीनं नेहमीसारखा उजवा आडवा घालायचं सोंग केलं. मास्टरांचं लक्ष तिकडे गेलं. तेवढ्यात तिचा डावा पाय त्यांच्या उजव्या पायाच्या बाहेर पडला, डाव्या हातानं तिनं त्यांचं कोपर खाली दाबलं आणि उजवी मूठ उघड्या पडलेल्या बरगडीत मारली. धप्प आवाज झाला. विष्णुवर्धननं शिट्टी फुंकली.

मुली ओरडायच्या बेतात होत्या, पण मास्टर बरगडी धरून वाकलेले पाहून परत भिंतीला टेकल्या. कीर्ती "मामा" म्हणत पुढे झाली, तर त्यांनी तिला नुसत्या नजरेनं थांबवलं. ग्लव्ह काढून बाकावर ठेवले. मग लंगडत भिंतीशी गेले, ओळीच्या शेवटी भुवनेश्वरी नावाची सात वर्षांची पोर बसली होती, तिच्या शेजारी भिंतीला धरून बेतानं खाली बसले आणि दुखरा पाय लांब केला.

"हं," ते म्हणाले, "वर्ग सुरू कर."

कीर्तीला रडू येत होतं. बावीस मुली तिच्याकडे बघत होत्या, आणि मास्टरही. तिनं जरा जास्तच मोठ्या आवाजात, तमिळमध्ये, सगळ्यांना पाठ ताठ करायला सांगितलं. मास्टरांनी केली.