बरणीतली राख

आर्णीजवळच्या आमच्या वावरात एक पट्टा असा आहे, की तिथं तणसुद्धा नाक मुरडतं. धुऱ्याला, म्हणजे बांधाला लागून असलेल्या, धातूचा मुलामा चढवणाऱ्या गिलटाच्या कारखान्याचं पाणी तिथं वीस वर्षं मुरलं. कारखाना बंद पडला, मालक निघून गेला, निकेल आणि कॅडमियम आमच्या मातीत राहिलं.

मी यवतमाळला रसायनशास्त्रात संशोधन करते. त्या पट्ट्यात मी मोहरी पेरली, कारण मोहरी मातीतला धातू ओढून पानांत साठवते. झाडं जाळली की तो राखेत उरतो, आणि तीच राख उत्प्रेरक म्हणून, म्हणजे रासायनिक क्रिया लवकर घडवायला वापरता येते. नवा धातू खणायला नको, जमीनही थोडी साफ होते. आईला हे काही पटत नव्हतं.

"येवढी शिकली अन् राखच करून राह्यली का व?" ती म्हणाली.

माझ्या रागाला तेवढंच पुरे असतं. "या राखेनं औषधं बनतात, आई!" मी फणकाऱ्यानं म्हटलं. खोटं नव्हतं ते. पूर्ण समजावून सांगायचा मात्र कंटाळा केला.

उन्हाळ्यात प्रयोगशाळा बंद होती, म्हणून राखेची बरणी घरी आणून मी फडताळात ठेवली. वर चिठ्ठी चिकटवली. तिच्यावर धातूंची नुसती चिन्हं, इंग्रजीत, माझ्या सरांना कळावं म्हणून. मग प्रबंध लिहायला यवतमाळला परत गेले.

दरम्यान माझी धाकटी बहीण रुपाली पहिल्या बाळंतपणाला उमरखेडहून माहेरी आली. सातवा महिना. तिला राखेचे डोहाळे लागले होते. आमच्याकडे लागतात बायांना. कुणी भाजकी माती खाते, कुणी राख. पण गॅस आल्यावर आईनं चूल मोडून टाकली होती.

तीन आठवड्यांनी घरी आले, तर बरणी अर्धी.

"आई, यातली राख कोणं घेतली?"

"रुपालीले देली न, रोज चिमूट चिमूट. साधी राख कायले द्याची? हे तं औषधाची हाये." आईच्या चेहऱ्यावर कौतुक होतं. माझं काम पहिल्यांदाच तिला उपयोगाचं वाटलं होतं.

रुपाली आत खाटेवर पडली होती. आठ दिवसांपासून तिला उलट्या होत होत्या. डोहाळेच ते, असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. कालपासून बाळ हललं नव्हतं, हे तिनं कुणाला सांगितलंच नव्हतं. मला सांगितलं तेव्हा मी लगेच गाडी बोलावली.

यवतमाळच्या दवाखान्यात डॉक्टरबाईंनी तिच्या पोटावर यंत्र परत परत फिरवलं, पण बाळाचे ठोके सापडले नाहीत. मग त्यांनी यंत्र बंद केलं आणि विचारलं, "राखेत काय होतं? किती होतं?"

मला सगळं तोंडपाठ होतं. तोंडी परीक्षेसाठी घोकलेले आकडे मी एका दमात सांगितले. माझी मलाच शिसारी आली. मी दाराशी उभ्या आईकडे वळले.

रुपालीनं माझा हात धरला. तिला अजूनही मलाच धीर द्यायचा होता.

"आईवर चिल्लावू नको, ताई," ती म्हणाली. "मी वाचली होती ते चिठ्ठी. मले वाटलं, औषधाचं नाव हाये."