कानामागची वाट

तारमास्तरांची लेक फायबर केबलचे जोड मारायची, आणि घरी बोलायची इतक्या मोठ्यानं की शेजारी खिडक्या लावून घ्यायचे. काय करणार बिचारी! टेलिफोनच्या तारा ओढण्यात उभी हयात घालवलेल्या तिच्या बापाचे कान वर्षभरात पार गेले होते. डॉक्टर म्हणाले, "आतली नस ठणठणीत आहे, आवाजच तिथवर पोचत नाही. ऑपरेशन मात्र या तब्येतीला झेपायचं नाही." मग ही घसा फोडून ओरडायची.

ओरडण्याचंही एक वेळ चाललं असतं. पण तिची पाच वर्षांची पोर आजोबांकडे फिरकेनाशी झाली. "आजोबा माझ्याशी बोलतच नाहीत," म्हणाली. ऐकून लेकीच्या काळजात चर्र झालं.

त्या दिवशी रस्त्याच्या खोदकामात केबल, म्हणजे आतली प्रकाश वाहणारी काचेची तार, तुटली. कामावरचा जोडीदार आपला यंत्रावर प्रकाशाचा जोर वाढवत बसलेला. "अरे शहाण्या," ती कडाडली, "काचच तुटलीय! कितीही जोर लाव, पलीकडे जाणार कुठून? दुसऱ्या मार्गानं वळव!" आणि तिनं जीभच चावली. वर्षभर घरी ती तरी दुसरं काय करत होती?

घरी येताच तिनं बापाची हत्यारांची पिशवी उपसली. लाकडी मुठीचा जुना स्क्रूड्रायव्हर निघाला. एक्स्चेंजचा जनरेटर आतून खडखडतोय का, हे तारमास्तर याच्यावरच ऐकायचे: टोक यंत्राला, मूठ कानामागच्या हाडाला, की आवाज हाडातून थेट आतल्या नसेला. लहानपणी तिनं शंभरदा पाहिलं होतं. हात्तिच्या, एवढं सुचायला वर्ष लागावं!

तिनं बिस्किटांचा रिकामा पत्र्याचा डबा पोरीच्या हातात दिला. डब्याच्या बुडाला टोक टेकवलं आणि मूठ बापाच्या कानामागे. तारमास्तरांनी सवयीनं ती नीट दाबून धरली.

"बोल गं डब्यात. ओरडू नकोस," लेक पोरीला म्हणाली.

पोर लाजली. मग डब्यात तोंड घालून पुटपुटली, "आजोबा, तुम्ही माझ्यावर रागावलात का?"

तारमास्तर दचकले. पण मूठ हाडावरून हलू दिली नाही.

"मी? तुझ्यावर?" त्यांचे डोळे भरून आले. "अगं वेडाबाई, मला वाटलं तूच माझ्यावर रुसलीस!"

मग जी गट्टी जमली, ती सुटेचना. डब्यातून गप्पा, गुपितं, खिदळणं. लेकीनं पानं घेतली आणि वर्षभरात पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाली, "चला, जेवून घ्या."

दोघांपैकी कुणीच ऐकलं नाही.