समान पाळीचा व्हॉल्व्ह

दुष्काळाच्या त्या वर्षी देवणी तालुक्यातल्या आमच्या शेजारच्या गावात पाणी टँकरने येई आणि टाकीत पडे. टाकीतून दोन नळवाटा निघत: एक गावठाणाकडे, दुसरी बौद्ध वस्तीकडे. दोन्हींच्या तोंडाशी एकच फिरता व्हॉल्व्ह होता आणि तो वीरण्णा हाताने फिरवी. वीरण्णाचे घर गावठाणात होते. वस्तीतल्या घागरी का भरत नाहीत, याचे यापेक्षा गूढ कारण शोधण्याची गरज नव्हती.

सिंधु त्या वस्तीतली. लातूरच्या तंत्रनिकेतनात ती इलेक्ट्रॉनिक्स शिकवी. तिची आई कोंडाबाई मात्र अजून वस्तीतच राही आणि घागर घेऊन ताटकळत बसे. सिंधुने व्हॉल्व्हचे चाक काढून तिथे स्टेपर मोटर बसवली. अशी मोटर स्वतः काही ठरवत नाही. ड्रायव्हर बोर्ड तिच्या वेटोळ्यांत ठरलेल्या क्रमाने वीज सोडतो आणि प्रत्येक वेळी ती ठरलेला कोन फिरते, कमी नाही, जास्त नाही. आधी गावठाण, मग वस्ती. दोघांनाही सारखाच वेळ. आडनाव विचारण्याची सोय बोर्डात नव्हती.

विरोधाला उघड कारण सापडेना, म्हणून पाणी समितीचे अध्यक्ष आप्पासाहेब यांनी होकार दिला आणि उद्घाटनाला शेषेरावांना बोलावले. शेषेराव नव्या जिल्ह्याच्या मागणीचे पुढारी. फीत कापण्याऐवजी मोटरच्या तारा बोर्डाला जोडणारी पिन पाहुण्यांच्या हाताने बसवावी, ही कल्पनाही आप्पासाहेबांचीच.

"बसवा," सिंधु म्हणाली. "पण पिन आधी, वीज नंतर. आणि वीज चालू असताना पिन काढायची नाही. वेटोळ्यातला प्रवाह एकदम तुटला की विजेचा दाब उसळतो आणि बोर्ड जळतो."

"कळलं की म्याडम," शेषेराव हसले. "जेवत्या जावयाला ताटावरनं उठवायचं न्हाई."

मंडपात हशा पिकला. शेषेरावांनी पिन बसवली, सिंधुने वीज सोडली. व्हॉल्व्ह गावठाणाकडे उघडला, आपला वेळ संपताच बंद झाला आणि वस्तीकडे फिरू लागला.

"इतक्यात बंद?" गावठाणातले साहेबराव खुर्चीतून उठले. "माझा हौद अर्धा बी भरला न्हाई!"

"तुमच्या वाट्याचं, म्हणजे गावातलं अर्धं पाणी आलं, दादा."

"आजवर तर पुरं येत होतं!"

हे आपण काय बोललो, ते त्यांच्या ध्यानात आले नाही. इतरांच्या आले, कुणी मान वर केली नाही.

तेवढ्यात खालच्या अंगाच्या वस्तीतून कोंडाबाईची हाक आली. "सिंधे, आलं गं! लई जोर हाय!"

"साहेब," फोटोग्राफर म्हणाला, "फोटोत डोळे मिटले तुमचे. एकदा परत."

शेषेरावांच्या हातून आजवर झालेले प्रत्येक उद्घाटन दोनदा झाले होते: एकदा खरे, एकदा फोटोसाठी. हात सवयीने गेला. सिंधु "नको" म्हणेपर्यंत त्यांनी पिन उपटून, चेहरा कॅमेऱ्याकडे करून, पुन्हा बसवली होती. बारीकसा आवाज झाला आणि जळका वास सुटला.

मोटर थांबली. व्हॉल्व्ह मात्र वस्तीकडे उघडाच राहिला. हे पहिल्यांदा साहेबरावांनी हेरले.

"ए वीरण्णा, चाक लाव! सगळं पाणी तिकडं चाललंय!"

वीरण्णाने मोटरचे बोल्ट ज्या चपळाईने काढले, ती त्याने याआधी कधी दाखवली नव्हती. चाक बसले, फिरले. खालचा गलका थांबला.

"दुसरा बोर्ड आहे माझ्याकडे," सिंधु म्हणाली. "चहा होईपर्यंत बदलते."

"राहू द्या आता," आप्पासाहेब म्हणाले. "पाहुण्यासमोर जळलेलं यंत्र गावानं ठिवावं कसं?"

"पिन काढली म्हणून जळलं. सगळ्यांनी पाहिलं."

सगळे शेषेरावांकडे न पाहण्याची दक्षता घेत होते. शेषेरावांनी घसा खाकरला. "नवा जिल्हा होऊ द्या, म्याडम. कंपनीचं मशीन आणू. टिकाऊ."

"तोवर?"

"तोवर वीरण्णा हाय की!" साहेबराव म्हणाले.

सिंधुने वाद घातला नाही. टेबलाशी बसून तिने बोर्ड बदलला, तारा जोडल्या आणि वीज सोडली. बोल्ट काढलेली मोटर टेबलावर ठरलेल्या कोनात फिरली, थांबली, उलट फिरली. दोष यंत्राचा नव्हता, हे निर्विवाद सिद्ध झाले. ते सिद्ध करायला कुणी सांगितले नव्हते. मंडपवाले खुर्च्या उचलू लागले होते.

कोंडाबाई वर आली तेव्हा तिच्या डोईवरच्या घागरीत तळाशी थोडे पाणी होते. आप्पासाहेब शाल आणि नारळ घेऊन पुढे झाले.

"सत्कार तर घ्या, सिंधुताई. लेकीचा मान हाय गावाला."

सिंधुचा हात हलला नाही. कोंडाबाईने आधी मोटरकडे आणि मग आप्पासाहेबांकडे पाहिले.

"नारळ तुमच्याकडंच ठिवा, आप्पा," ती म्हणाली. "त्यात बी पाणी हाय."