पन्नास हजारांमागे एक शिपाई

सेनादिनाच्या पुरवणीतलं मधलं पान दरवर्षी तक ग्यू-चोलकडेच असायचं. सोलच्या त्या दैनिकात तो आकड्यांची चित्रं काढायचा. चीन, उत्तर कोरिया, आपण म्हणजे दक्षिण कोरिया, आणि जपान अशा चार रांगा. पन्नास हजार जवानांमागे एक शिपाई. खडं सैन्य गडद हिरवं, निमलष्करी दलं फिकी. हिशेबात पन्नास हजारांहून कमी उरलेल्या आकड्यासाठी रांगेतला शेवटचा शिपाई कापावा लागे. दुसरी वर्तमानपत्रं त्याला उभा चिरत. तक पायाकडून कापायचा. "तोंड शाबूत तर माणूस शाबूत," असं म्हणायचा.

यंदा त्याचा हात उठेना.

त्याच्या मुलाची, हान-सोलची, नजर अधू होती. सक्तीच्या लष्करी सेवेत त्याला सीमेऐवजी पालिकेच्या कचेरीतलं काम मिळणार होतं. "आपली रांग दरवर्षी आखूड होतेय, आणि तू खिडकीत बसून शिक्के मारणार?" जेवताना तक बोलून गेला. पोरानं ते मनाला लावून घेतलं. डोळ्यांचं ऑपरेशन करवून घेतलं, पुन्हा तपासणी मागितली आणि सीमेवर गेला. पावसाळ्यात ओढ्याच्या पुराबरोबर वाहून आलेल्या सुरुंगावर त्याचा पाय पडला. डावा पाय गुडघ्याखालून गेला.

"दादा, शिपाई कुठायत?" पानप्रमुख प्यो म्हणाली. "नुसते आलेखाचे दांडे काय काढलेत? वाचक बोंब मारतील."

"यंदा दांडेच."

"पण का?"

"लष्करी इस्पितळात आपला पेपर जातो, प्यो."

प्योनं पानावर सही केली. पान तसंच छापायला गेलं.

सेनादिनाला तक नाशपाती घेऊन इस्पितळात पोचला, तेव्हा हान-सोलच्या मांडीवर तेच पान उघडं होतं. शेजारच्या खाटेवरचा मा नावाचा जवान ओरडला, "काका, तुम्ही तर आमची पैजच बुडवलीत!"

"कसली पैज?"

"आठवडाभर हा सांगत होता, आपल्या रांगेतला शेवटचा, कापलेला, तो मी. मी म्हटलं, गप रे, बाप आहे तुझा, यंदा अख्खा काढेल. आता बघतो तर पानावर माणूसच नाही!"

वॉर्डात दोघं-तिघं हसले. हान-सोलही हसला, पण वडिलांकडे न बघता.

नाशपाती सोलता सोलता तक हळूच म्हणाला, "तुला बघवणार नाही असं वाटलं रे."

"लहानपणापासून बघतोय बाबा. शेवटच्याला तुम्ही नेहमी जरा जास्त जपून काढायचात."

"पुढच्या वर्षी काढतो. पहिल्यासारखे."

"पुढच्या वर्षी?" हान-सोलनं पानाची घडी घातली. "या महिन्यात मला सेवेतून कमी करतायत. मी त्या आकड्यात यंदाच होतो."

तकच्या हातातली सुरी थांबली. नाशपाती अर्धवट सोललेली तशीच राहिली. मग त्यानं खिशातलं पेन काढलं, घडी उलगडली आणि समासात एक डोकं काढलं, दोन खांदे काढले.

"राहू द्या, बाबा." हान-सोलनं पेन त्याच्या हातातून अलगद काढून घेतलं. "छापून यायला हवं होतं."